भाचीला टीबी आणि एचआयव्ही दोन्ही निघाले : आधी एक संपवायचं की दोन्ही औषधं एकत्र?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भाची सात वर्षांची, वजन १४ किलो २०० ग्रॅम. आई गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून ती तुमच्याकडे. दीड महिना खोकला, संध्याकाळी ताप, मानेला गाठी. टीबी निघाला. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी होते तशी तिचीही झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन नऊ दिवस झालेत. घरातले म्हणतात, ‘एवढ्याशा पोरीला एवढी औषधं? आधी टीबी संपवा, मग दुसरं बघू.’ एआरटी (म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार) सेंटरवाल्यांनी मात्र याच आठवड्यात बोलावलंय, आणि ओळखीतल्या एका मुलाला जी गोळी दिवसातून एकदाच देतात ती तुमच्या भाचीला दोनदा द्यायला सांगितलीय. थांबायचं का, दोनदा का, आणि पोरीला हे सोसेल का, असे तुमचे तीन प्रश्न. शिवाय शाळेचं काय, आणि तिला काय सांगायचं, हेही तुम्ही शेवटी विचारलंय.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. वीस वर्षांहून अधिक काळ सरकारी रुग्णालयात एचआयव्ही असलेली मुलं बघते. तुमच्या भाचीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे तिचा डोस तिचे डॉक्टरच ठरवतील. पण ते काय करताहेत आणि का, हे तुम्हाला नीट कळलं तर पुढचे सहा महिने सोपे जातील.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देते : थांबू नका.

घरातले म्हणतात ते वेडेपणाचं नाही. पूर्वी आम्ही डॉक्टरही थांबायचो. आधी टीबीची औषधं दोन महिने द्यायची, मूल जरा सावरलं की एआरटी सुरू करायची, अशी रीत होती. कारणं खरी होती. गोळ्यांचा ढीग, दोन्हीकडच्या औषधांचा लिव्हरवर ताण, आणि एकदम दोन्ही सुरू केल्यावर उठणारा ताप. पण त्या दोन महिन्यांत मुलं जायची. टीबीने नाही, तर न्यूमोनियाने, जुलाबांनी, रक्तात पसरलेल्या साध्या जंतूंनी. टीबीची औषधं टीबीचे जंतू मारतात, एचआयव्हीने पोखरलेली प्रतिकारशक्ती ती भरून काढत नाहीत. कंबोडियात मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल २०११ मध्ये छापून आले. त्यात टीबीची औषधं सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी एआरटी सुरू केलेले रुग्ण, आठ आठवडे थांबलेल्यांपेक्षा जास्त संख्येने जगले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून सांगितलंय की सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कितीही असो, टीबीचे उपचार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू करावी, मुलांमध्येही. तुमच्या एआरटी सेंटरने नवव्या-दहाव्या दिवशी बोलावलंय ते याच हिशेबाने. घाई म्हणून नाही.

याला एकच मोठा अपवाद आहे, आणि जाण्याआधी तो तुम्ही स्वतः तपासून बघायचा आहे. टीबी मेंदूच्या आवरणात उतरला असेल तर एआरटी लगेच सुरू करत नाहीत, निदान चार आठवडे थांबतात. कारण प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली की कवटीच्या बंद जागेत सूज वाढते आणि ते जिवावर बेततं. म्हणून आठवून बघा : डोकं दुखतंय म्हणते का? सकाळी उठल्या उठल्या उलटी होते का? नेहमीपेक्षा जास्त झोपते का, चिडचिडी झालीय का, हाक मारल्यावर उशिरा बघते का, एखादा डोळा तिरळा वाटतो का? यातलं काहीही असेल तर एआरटीच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायचं म्हणाले तर घाबरू नका, ‘त्याने पोर लुळी पडते’ या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. ती तपासणी न करता चुकीच्या वेळी एआरटी सुरू होणं त्याहून कितीतरी धोक्याचं.

आता दोनदा का.

टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं. लघवी केशरी होते ती त्याच्यामुळेच. टीबी बरा होण्यात सर्वांत मोठा वाटा याचा आहे, त्याला सहज पर्याय नाही. पण त्याची एक खोड आहे. ते लिव्हरला इतर औषधं भराभर मोडून बाहेर टाकायला लावतं. एचआयव्हीचं मुख्य औषध डोल्युटेग्रॅविर हेही त्याच तडाख्यात सापडतं. सकाळी दिलेली गोळी एरवी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रक्तात पुरेशी राहते. रिफाम्पिसिन चालू असताना ती संध्याकाळनंतरच कमी पडायला लागते. रात्रभर विषाणूला मोकळं रान मिळतं. म्हणून तोच डोस संध्याकाळी पुन्हा द्यायचा. तिला ‘जास्त औषध’ दिलं जात नाहीये. लिव्हर जेवढं काढून टाकतं तेवढं भरून दिलं जातंय. मुलांमध्ये हे चालतं आणि सोसतं, हे आफ्रिकेतल्या मुलांमध्ये रक्तातली पातळी मोजून पाहिलेलं आहे.

ओळखीतल्या त्या मुलाला टीबी नसेल, म्हणून त्याला एकदाच पुरतं.

आणि हे ‘दोनदा’ टीबीच्या गोळ्या संपल्या त्या दिवशी थांबवायचं नाही. रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही लिव्हरची ती सवय जायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस संध्याकाळचा डोस चालूच ठेवायचा. हे नेमकं विसरलं जातं, कारण तोवर टीबीची खिडकी ‘कोर्स पूर्ण’ म्हणून नाव कमी करते आणि एआरटीची पुढची तारीख अजून लांब असते. शेवटच्या टीबी गोळीची अंदाजे तारीख काढा, त्यापुढे १४ दिवस मोजा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर आजच गोल करून ठेवा.

दोन खिडक्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते. मला अजून सलते ती.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पाच वर्षांचा मुलगा होता, आजीसोबत यायचा. तेव्हा लहान मुलांना एचआयव्हीसाठी लोपिनाविर-रिटोनाविरचं पातळ औषध द्यायचो. भयंकर कडू. रिफाम्पिसिनसोबत ते जवळपास निकामी होतं, जोडीला वेगळं रिटोनाविर वाढवून द्यावं लागतं. पोराचं वजन वाढेना. दर महिन्याला मी आजींना विचारायची, ‘औषध नियमित देताय ना?’ त्या म्हणायच्या, ‘देते की बाई, एक दिवस चुकवत नाही.’ चौथ्या महिन्यात तो तोंड आल्याने खाणंपिणं सोडलेल्या अवस्थेत आला. आजी चष्मा शोधत होत्या, शोधता शोधता त्यांची कापडी पिशवी माझ्या टेबलावर आडवी झाली आणि आमच्या बाटलीसोबत लाल-विटकरी गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर घरंगळल्या. एका खाजगी दवाखान्यात त्याला टीबीची औषधं सुरू झाली होती. आजींनी ती प्रामाणिकपणे रोज दिली होती. त्यांनी लपवलं नव्हतं. मीच कधी ‘दुसरं काही चालू आहे का’ असं विचारलं नव्हतं. चार महिने आमचं कडू औषध त्या पोराच्या घशाखाली जात होतं आणि रक्तात पोचतच नव्हतं. तो वाचला, पण विषाणूने तोवर औषधांना दाद देणं सोडलं होतं, आणि पुढच्या फळीची औषधं लावावी लागली.

तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक पालक पिशवी टेबलावर रिकामी करतो. तुम्हीही तसंच करा, कुणी सांगो न सांगो. टीबीच्या गोळ्या, एआरटी, खोकल्याची बाटली, वैद्यांची पुडी, शाळेत मिळालेली गोळी, सगळं घेऊन जा. आपल्या कार्यक्रमात एचआयव्ही असलेल्या टीबी रुग्णाला दोन्ही औषधं एआरटी सेंटरच्या एकाच खिडकीवर मिळावीत अशी सोय केलेली आहे. तुमच्या सेंटरवर ती आहे का विचारा. नसेल तर दोन्ही कार्डं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दोन्ही खिडक्यांवर दोन्ही दाखवा.

आता गोळ्यांचा हिशेब. १४ किलो २०० ग्रॅमच्या मुलीला साधारण असं येतं. टीबीची तीन औषधं एकत्र असलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या मुलांच्या गोळ्या ३, सोबत इथॅम्ब्युटॉलच्या १०० मिलिग्रॅमच्या ३. डोल्युटेग्रॅविरच्या १० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळ्या सकाळी अडीच, संध्याकाळी अडीच. एचआयव्हीचीच अबॅकाविर-लॅमिव्युडिनची जोडगोळी, साधारण अडीच. कोट्रायमॉक्साझोल एक. बी-६ ची एक. मोजलंत तर दिवसाला पंधराच्या वर जातात. तुमच्या घरातल्यांना भीती वाटते ती हा ढीग बघून, आणि ती मला समजते. पण मुलांच्या गोळ्या मुद्दाम छोट्या मात्रेच्या असतात, म्हणून आकडा मोठा दिसतो. आमच्याकडे जेव्हा मुलांच्या गोळ्याच नव्हत्या, तेव्हा मोठ्यांची गोळी ब्लेडने कापून आम्ही पुड्या बांधायचो. एका तुकड्यात एक औषध जास्त, दुसऱ्यात कमी. देशाच्या कार्यक्रमात लहान मुलांच्या एआरटीची वेगळी सोय २००६ च्या नोव्हेंबरअखेर झाली. टीबीचं तर २०१७ पर्यंत आठवड्यातून तीनदाच औषध द्यायची पद्धत होती, आता रोज देतात. आज पंधरा गोळ्या दिसताहेत, पण त्या ढिगातली प्रत्येक गोळी तिच्या वजनाला बेतलेली आहे.

आणि वजन वाढलं की ती बेतलेली राहत नाही. हा मुद्दा मी ठासून सांगते, कारण इथे चांगल्या चांगल्या ठिकाणी चूक होते. उपचार लागू पडला की अशी मुलं हावऱ्यासारखी खातात. तुमची भाची दोन-तीन महिन्यांत १६ किलोवर जाईल. गेलीच पाहिजे. १२ ते १५ किलोला टीबीच्या ३ गोळ्या, १६ ते २४ किलोला ४. जुन्या कार्डावरचा ‘३’ तसाच पुढे चालू राहिला तर पोर बरी होतेय असं दिसत असताना तिला औषध कमी पडायला लागतं. दर भेटीत वजन करायला सांगा, चप्पल-स्वेटर काढून, आणि आकडा स्वतः वहीत लिहा. १६ चा आकडा दिसला की तुम्हीच विचारा, ‘डॉक्टर, गोळी वाढवायची का?’ डॉक्टरांना राग येणार नाही. आला तरी विचारा.

द्यायचं कसं, तेही सांगते, कारण खरा झगडा तिथेच असतो. टीबीच्या तीन गोळ्या एका वाटीत अर्धा कप, म्हणजे साधारण ५० मिलिलिटर पाण्यात टाका. स्वच्छ, गार पाणी. त्या विरघळतात, चव गोडसर असते. दहा मिनिटांच्या आत पाजा. वाटीच्या तळाशी गाळ राहतो. त्यात पुन्हा दोन चमचे पाणी घालून, हलवून, तेही पाजा. तो गाळ म्हणजे औषधच. शक्यतो रिकाम्या पोटी, पण मळमळत असेल तर थोडं खाऊन द्या. न देण्यापेक्षा ते हजार पटींनी बरं. इथॅम्ब्युटॉल कुटून केळ्यात किंवा गुळाच्या पाण्यात चालतं. डोल्युटेग्रॅविर दोन चमचे पाण्यात विरघळवून अर्ध्या तासात संपवा. त्याला जेवणाची अट नाही. औषध घेऊन अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा द्यायचा. सात वर्षांची मुलगी हे स्वतः शिकू शकते. माझ्याकडची एक छोटी रोज वाटी उलटी करून आजोबांना दाखवायची, ‘बघा, थेंब नाही.’ तिच्या उपचारात मला कधी काही करावं लागलं नाही.

इथे एक गुंता आहे तो लोह आणि कॅल्शियमचा. शाळेत या वयाच्या मुलांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी देतात. घरी कुणी कॅल्शियमचं टॉनिक आणलेलं असतं. ही दोन्ही डोल्युटेग्रॅविरला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठला डोल्युटेग्रॅविर देत असाल तर लोह-कॅल्शियम दुपारच्या जेवणाला द्या. सकाळच्या गोळीनंतर दोन तास उलटलेले असतात आणि संध्याकाळच्या गोळीला सहा तास बाकी असतात. शाळेतली गोळी बहुतेक पोषण आहाराच्या वेळेसच देतात, म्हणजे आपोआप जमतं. नाचणी, दूध, तीळ यांना घाबरू नका, मी टॉनिक-गोळ्यांबद्दल बोलतेय. आणि ‘टीबीला आंबट नको, दही नको, केळं नको’ ही पथ्यं सोडून द्या. हाडाची काडी झालेल्या पोरीचं ताट आपणच कमी करायचं? अंडं, शेंगदाण्याचा लाडू, डाळ-भातावर तूप, जे खाईल ते आणि दिवसातून पाच वेळा. निक्षय पोषण योजनेतून टीबीच्या उपचारकाळात पैसे मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये. तिच्या नावाने खातं नसेल तर कुणाचं द्यायचं ते टीबीच्या कर्मचाऱ्यांना विचारा. आई-वडील नसलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिचा अर्ज महिला व बालविकास कार्यालयात करता येतो.

कोट्रायमॉक्साझोलची ती एक साधी गोळी कुणाला महत्त्वाची वाटत नाही, म्हणून आधी तीच सुटते. झांबियात एचआयव्ही असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात, २००४ मध्ये, या एकट्या औषधाने मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी झाले होते. एआरटीचा परिणाम दिसायला वेळ लागतो, तोवर पोरीला न्यूमोनियापासून ही गोळी सांभाळते. ती चुकवू नका.

आता जे घडलं की बहुतेक घरं घाबरतात ते आधीच सांगून ठेवते. टीबीच्या औषधांनी ताप उतरेल, भूक लागेल, सगळे खूश होतील. मग एआरटी सुरू होईल, आणि दोन-तीन आठवड्यांत ताप पुन्हा चढेल. मानेच्या गाठी दुप्पट होतील, कदाचित लाल होऊन मऊ पडतील. शेजारपाजारचे म्हणतील, ‘सांगत होतो ना, औषध उलटलं.’ औषध उलटलेलं नसतं. झोपी गेलेली प्रतिकारशक्ती जागी होते, तिला आजूबाजूला टीबीचे जंतू दिसतात, मेलेलेसुद्धा, आणि ती त्यांच्यावर तुटून पडते. त्या झटापटीची ही सूज. आम्ही याला आयरिस म्हणतो. पहिल्या तीन महिन्यांत बहुधा होतो. बहुतेक वेळा तापाच्या औषधावर निभतं, जास्त असेल तर काही आठवडे स्टेरॉइड देतात. एआरटी बंद करत नाहीत आणि टीबीची औषधंही नाहीत. गाठ मऊ पडली तर सुईने पू काढतात. चिरा देऊ देऊ नका, ती जखम महिनोन्‌महिने वाहते. कधी कधी गाठ डाव्या काखेत येते. ती जन्मल्यावर डाव्या दंडावर टोचलेल्या बीसीजीची असू शकते, डॉक्टरांना जागा नेमकी दाखवा.

पण प्रत्येक ताप आयरिस नसतो, आणि हे घरी बसून ओळखायचं काम नाही. एआरटीच्या पहिल्या सहा आठवड्यांत तापासोबत अंगावर पुरळ, उलट्या, पोटदुखी, धाप असं एकत्र आलं आणि प्रत्येक गोळीनंतर वाढत गेलं, तर ते अबॅकाविरचं वावडं असू शकतं. आपल्याकडे ते कमी दिसतं, पण दिसतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. त्या कारणासाठी अबॅकाविर एकदा बंद केलं तर ते आयुष्यात पुन्हा कधी द्यायचं नाही, पुन्हा दिलं तर जिवावर येतं. तिच्या कार्डावर लाल शाईने लिहून घ्या. डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना पूर्ण उडाली, सारख्या उलट्या होऊ लागल्या तर पुढचा डोस देण्याआधी दाखवा, लिव्हरची तपासणी करून कोणती औषधं थांबवायची ते ठरवतात. नुसती केशरी लघवी, केशरी अश्रू यांना घाबरू नका. रंग ओळखायला चुकायला लागली, फळ्यावरचं दिसत नाही म्हणाली तर इथॅम्ब्युटॉलने डोळ्यांवर परिणाम झालाय का, याचा विचार करावा लागतो. बाकी बहुतेक मुलांना, ताई, ही औषधं सोसतात. मोठ्यांपेक्षा चांगली सोसतात.

टीबीचे अहवालही एकदा नीट बघून घ्या. तिचा नमुना सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनवर गेला होता का, आणि तिचा टीबी रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही हे त्यात लिहिलंय का, हे विचारा. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. म्हणून पहाटे, अंथरुणातून उठण्याआधी, उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात, कारण रात्रभर गिळलेला कफ तिथे असतो. किंवा गाठीत सुई घालून नमुना घेतात. तुमच्या भाचीच्या गाठी वरवर आहेत, तिथून नमुना सहज मिळतो. नमुन्यात जंतू सापडला नाही म्हणजे टीबी नाही, असं मुलांत म्हणता येत नाही. त्यांच्यात जंतूंची संख्याच कमी असते. मान्टू टेस्टची (टीबीसाठी हातावर टोचून करायची तपासणी) सूजही एचआयव्हीत फसवते, म्हणून तिथे ५ मिलिमीटरसुद्धा पॉझिटिव्ह धरतो. पण उपचार सुरू करून दोन महिन्यांत वजन वाढलं नाही आणि ताप हटला नाही, तर मी सर्वांत आधी पिशवी बघते, मग डोस, मग आयरिस, आणि मग औषधाला दाद न देणारा टीबी. तो संशय असेल तर घरात कुणाला तसा टीबी झाला होता का, ही माहिती सोन्याच्या मोलाची असते.

कुणीतरी तुम्हाला ‘आता मुलांना चारच महिने पुरतात’ असंही सांगेल. सौम्य टीबीच्या मुलांवर भारतासह चार देशांत तसा अभ्यास झालाय आणि त्याचे निकाल चांगले आहेत. तरी एचआयव्ही आजच कळलेल्या, एआरटी अजून सुरू न झालेल्या मुलीला मी सहा महिने पूर्ण देते. दोन महिने चारही औषधं, मग चार महिने त्यातलं पायराझिनामाइड सोडून बाकीची. टीबीचा कोर्स संपल्यावर टीबी पुन्हा होऊ नये म्हणून आयसोनियाझिड या टीबीच्याच एका औषधाचा वेगळा कोर्स देतात, त्याबद्दल तेव्हा आठवणीने विचारा.

सात वर्षांच्या मुलीला टीबी झाला म्हणजे तिच्याजवळच्या कुणा मोठ्या माणसाच्या खोकल्यातून तो आला. तिची आई कशाने गेली ते तुम्ही लिहिलेलं नाही. शेवटच्या महिन्यांत आईला खोकला होता का? तुमच्या घरात आजोबांना, काकांना जुना खोकला आहे का? सगळ्यांची तपासणी करून घ्या, तुमचीही. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला टीबी नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध सुरू करतात. तिला सख्खी भावंडं असतील तर त्यांची एचआयव्ही तपासणी राहून जाऊ देऊ नका. तब्येतीने धडधाकट दिसली तरी.

शाळेचं सांगते. गाठींचा टीबी पसरत नाही, आणि या वयाच्या मुलांच्या छातीतला टीबीही क्वचितच पसरतो. औषधं सुरू होऊन दोनेक आठवडे झाले, ताप गेला, अंगात ताकद आली की तिला शाळेत पाठवा. एचआयव्हीबद्दल शाळेला सांगण्याची तुमच्यावर कसलीही सक्ती नाही. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याने एचआयव्हीच्या कारणावरून शाळेत प्रवेश नाकारणं किंवा भेदभाव करणं बेकायदा ठरवलंय. ताट-वाटी वेगळी ठेवू नका. अंथरूण वेगळं करू नका. ती तुमच्या कुशीत झोपत असेल तर झोपू द्या.

आणि तिला काय सांगायचं. तुम्ही लिहिलंय की ती विचारते, ‘आईला पण याच गोळ्या होत्या का?’ याचा अर्थ तिने बरंच जोडलेलं आहे. सात वर्षांच्या मुलीला आजाराचं नाव लगेच सांगावं लागत नाही, पण खोटंही सांगू नका. ‘या खोकल्याच्याच गोळ्या आहेत, सहा महिन्यांत संपतील’ असं म्हणालात तर सातव्या महिन्यात काय सांगणार? माझ्याकडे आम्ही असं सांगतो : ‘तुझ्या अंगात दोन त्रास आहेत. एकाच्या गोळ्या सहा महिन्यांनी संपतील. दुसरा त्रास झोपलेला राहावा म्हणून रोज गोळी घ्यायची, मोठी झाल्यावरसुद्धा.’ ती ‘का’ म्हणाली की पुढचं थोडं सांगायचं. नाव साधारण दहा-बाराच्या आत, समुपदेशकांच्या मदतीने, घरच्याच माणसाच्या तोंडून कळावं. तोवर ती वाचायला लागलेली असते आणि एआरटी सेंटरच्या भिंतीवर काय लिहिलंय ते तिला दिसत असतं.

आईबद्दल विचारलं तर सांगा, आईलाही होता, पण तिला औषधं उशिरा मिळाली (तसं असेल तर). तुला वेळेत मिळाली. मग तिला वाटी हातात द्या.